अजराचं मत

जिदहफ्स, बहरीन
९ नोव्हेंबर २०१८

प्रिय अजरा,

सलाम.

तू निवडून आल्याचं मला आपल्या म्हसळ्याच्या शाळेच्या ग्रुपवर कळलं. कुणीतरी तुझा फोटो टाकला होता. निळा कोट, मागे सरकलेली ओढणी, हातात माइक. खाली लिहिलं होतं, ‘आपली अजरा अमेरिकेची आमदार’. त्यावर दिवसभर अभिनंदनाचा पाऊस. दोघांनी तर आता व्हिसाचं काम होईल का, असंही विचारून घेतलं.

एका बाकावर बसायचो आपण. तुझी मैत्रीण होते म्हणूनच तुझी भाभी झाले, आणि आता तुझा नंबरही माझ्याकडे नाही. तुझ्या ऑफिसचा ईमेल आमच्या लेकीने, सुहाने शोधून दिला, पण ते तुझी माणसं उघडत असतील. मराठीत लिहिलेला कागद तिथे तुझ्याशिवाय कुणाला वाचता यायचा नाही, म्हणून हे पत्र.

मुनाफशी तुझा तलाक झाला त्याला चार वर्षं झाली. तू का वेगळी झालीस हे मी तेव्हा विचारलं नाही, आजही विचारत नाही. इकडचं मात्र तुला माहीत असावं. त्यानंतर खालाने तुझ्या अम्माकडे येणं बंद केलं. दोघी सख्ख्या बहिणी, म्हसळ्यात समोरासमोर दारं, आणि आता एक ओटीवर आली की दुसरी आत जाते. मुनाफ खालाचा मुलगा, त्यात तुझ्या भावाचा, इलियासचा, जिवाभावाचा दोस्त. आमच्या घरात तेव्हापासून तुझं नाव निघत नाही.

तुझी एक मुलाखत सुहाने मला दाखवली. ती आता अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. औषधांच्या दुकानात काउंटरवर असताना तू राजकारणात कशी आलीस, ते तू सांगत होतीस. शाळेच्या बसचा थांबा मोठ्या रस्त्यावर, बर्फ काढणारी गाडी सगळा बर्फ थांब्यावरच ढकलायची, आणि मुलं रस्त्यात उभी राहायची. तू शाळा मंडळाच्या बैठकीला गेलीस, त्यांनी बोलायला दोन मिनिटं दिली. पुढच्या महिन्यात परत गेलीस. त्याच्या पुढच्या महिन्यात परत. थांबा हलला, आणि नंतर तू त्या मंडळावरच निवडून गेलीस. मला हसू आलं. सातवीत मुलींच्या संडासाला कडी बसवून घ्यायला तू हेडमास्तरांच्या दारात अशीच उभी राहायचीस.

दोन वर्षांपूर्वी विधानसभेला हरलीस तेही माहीत होतं. तेव्हा काय लिहावं सुचलं नाही.

फोटो मी तुझ्या भावासमोर धरला. तो जेवत होता. बराच वेळ पाहिला, मग म्हणाला, भात वाढ. मी वाढला. सगळे मजेत आहोत.

पत्ता खाली दिला आहे. तुझा पत्ता बदलला असेल तर कळव.

तुझी,
मेहरीन

*

जिदहफ्स
२१ एप्रिल २०१९

प्रिय अजरा,

तुझं उत्तर मिळालं. इथे घरी पोस्टमन येत नाही, आमची पत्रं इलियासच्या वर्कशॉपच्या पोस्ट बॉक्सवर जातात. म्हणजे तुझ्या राज्याचा शिक्का असलेलं ते पाकीट मीना सलमान बंदरावरून त्यानेच आणलं. न फोडता फ्रिजवर ठेवलं आणि आंघोळीला गेला. मी ते उचललं.

मोठी बातमी म्हणजे अम्मा आता आमच्याकडे आहे. अब्बा गेल्यापासून ती एकटीच होती, आणि खालाचं दार बंद. इलियास जाऊन घेऊन आला. इथली चौथ्या मजल्यावरची बाल्कनी तिला आवडत नाही, पण जिदहफ्सच्या बाजारातल्या मासेवाल्याशी तिची दोस्ती झाली आहे. त्याला मराठी येत नाही आणि तिला अरबी, तरी दोघं भाव ठरवतात.

आता ऐक. सुहाला शाळेत कुठल्यातरी देशाच्या विधानसभेवर बोलायचं होतं. तिने तुझी निवडली. तुमच्या सभागृहाचं कामकाज थेट दाखवतात ना, ते तिने टॅबवर लावलं. अम्मा शेजारी कोलंबी सोलत बसली होती. अध्यक्षांनी नाव पुकारलं आणि तू उभी राहिलीस. पहिल्यांदा अम्माने नुसता आवाज ऐकला. हात थांबले. मग ओले हात तसेच धरून ती टॅबजवळ सरकली. तू बसलीस तेव्हा म्हणाली, “वाळली.”

मला वाटलं झालं एवढंच. दुसऱ्या दिवशी मगरिबची नमाज झाल्यावर तिनेच सुहाला विचारलं, आज नाही का बसत ती लोकं?

तेव्हापासून रोज बघतात दोघी. तुमची सकाळ ती आमची संध्याकाळ. मी कामावरून आले की मीही बसते. अम्माला आता सगळं कळतं. मत द्यायची वेळ आली की भिंतीवरच्या फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा किंवा लाल दिवा लागतो, तेव्हा ती आधी तुझं नाव बघते. तुला नेहमी अडवणाऱ्या त्या दाढीवाल्याला ती नावं ठेवते. सुहा आपल्या मोडक्या मराठीत तुझं म्हणणं समजावते, “फुफी बोलते की हॉस्पिटलला ट्रान्स्लेटर पाहिजे.” खाली इलियासच्या गाडीचा आवाज आला की अम्मा स्वतःच सांगते, खलास, बंद कर.

औषधाच्या दुकानात आलेल्या त्या बाईची गोष्ट तू सभागृहात सांगितलीस, तीही सुहाने सांगितली. बाईला इंग्रजी येत नव्हतं, आणि गाठ वाईट आहे हे तिला तिच्याच नऊ वर्षांच्या मुलीने सांगावं लागलं. दवाखान्याने दुभाषा द्यायलाच हवा, मुलांच्या तोंडून असलं वदवून घेऊ नये, हा तुझा कायदा. अम्मा ऐकून उठून आत गेली.

समितीने यंदा तो विषयच काढून टाकला, हे वाचून आमच्याकडे दोघी रागावल्या आहेत. मी धरून तिघी.

अम्मा तुझ्याशी फोनवर बोलेल का, असं तू विचारलंस. मी तिला विचारलं. ती म्हणाली, माझी बहीण माझ्याशी बोलत नाही. नंतर तसबीहचे मणी ओढत बसली. तिला घाई करू नकोस.

तुझी,
मेहरीन

*

जिदहफ्स
२० फेब्रुवारी २०२२

प्रिय अजरा,

फोनवर आपण बोलतो, पण फोनवर मला नीट सांगता येत नाही. म्हणून परत कागद.

मागच्या वर्षी तुझा कायदा तुमच्या सभागृहात पास झाला आणि सिनेटमध्ये अडकला, त्याचं अम्माने फार मनाला लावून घेतलं. वरच्या घरात कोण बसतं, त्यांना आया नाहीत का, असं सुहाला विचारत होती.

पंधरा दिवसांपूर्वी तिला दम लागला. इलियास कामावर, मीही नर्सरी शाळेत कामावर. सुहा तिला जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर भला माणूस होता, पण त्याला हिंदी येत नव्हतं. त्याने सगळं सुहाला इंग्रजीत सांगितलं. हृदयाची झडप खराब झाली आहे, वय पाहता ऑपरेशन कठीण, घरच्यांना तयारीत राहायला सांग. आजीला समजावून सांग, म्हणाला. चौदा वर्षांची पोर. तिने आजीला सांगितलं, गोळ्या घ्यायला सांगितल्यात.

घरी आल्यावर मला स्वयंपाकघरात ओढून तिने खरं सांगितलं. नळ सुरू ठेवून रडत होती, आजीला ऐकू जाऊ नये म्हणून.

अम्माला काही कळलं नसेल असं आम्हाला वाटलं. संध्याकाळी सुहाने टॅब लावला तर अम्मा मला म्हणाली, “अजरा ज्या पोरीचं सांगत असते ना, ती बघ, ही.” आणि सुहाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

आता सलमानिया हॉस्पिटलात इलाज सुरू आहे. तिथल्या केरळच्या नर्स हिंदी बोलतात, त्यामुळे अम्मा खूश आहे. प्रत्येकीला नावाने ओळखते.

ये म्हणावंसं वाटतं. पण इलियासच्या घरात तू यावंस आणि त्याने पाठ फिरवावी, हे मला बघवणार नाही. तो वाईट नाही, तुला माहीत आहे. मुनाफ त्याला दर ईदला फोन करतो. फोन ठेवला की तो ताटावरून उठून जातो.

यंदाच्या निवडणुकीसाठी अम्मा दुआ मागते. तुझ्या एकटीसाठी नाही, तुमच्या पक्षाच्या बहुमतासाठी. तुझ्या एकटीने कायदा होत नाही, हे तिला पक्कं कळलं आहे.

तुझी,
मेहरीन

*

सलमानिया हॉस्पिटल
११ मे २०२३

(टपालाला वेळ लागेल म्हणून सुहाच्या फोनवरून या कागदाचा फोटो पाठवते.)

अजरा,

हे अम्माने सांगितलं तसं लिहिते आहे. ती बोलते, मी लिहिते.

“अजरा बेटी. मी बरी आहे. दोन दिवस दवाखान्यात आणलंय, तपासायला. तू तिकीट काढतेस असं सुहा म्हणाली. काढू नकोस. सोमवारी तुझ्या कायद्याचं मत आहे ते मला माहीत आहे. एका मताने तुमचं राज्य आहे, तेही माहीत आहे. तू उठलीस तर कायदा पडतो. इतकी वर्षं मी बघत बसले ती तू मधेच उठून यावंस म्हणून नाही. मत देऊन ये. मी आहे. मी कुठे जाणार? इलियासची काळजी करू नकोस, त्याला मी बघते. बहिणीशी नातं तुटलं म्हणून तुझ्यावर राग होता. आता राग धरायला दमही पुरत नाही. अम्मा.”

वरचं अम्माला वाचून दाखवलं. तिने मान हलवली. आता तिचा डोळा लागला आहे. जी बाई नऊ वर्षं तुझ्याशी एक शब्द बोलली नाही, तिने आज एका दमात एवढं सांगितलं.

आता माझं. दोन दिवस नाही, ती आठवडाभर इथे आहे. पायांवर सूज चढली आहे. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, सोमवारचं सांगता येत नाही.

ये असंही मी म्हणत नाही आणि नको असंही म्हणत नाही. तुला खरं माहीत असावं, एवढंच. तू ठरव.

मेहरीन

*

जिदहफ्स
२० जून २०२३

प्रिय अजरा,

तू गेल्यापासून घर मोठं झाल्यासारखं वाटतं. अम्माच्या पलंगाची चादर मी अजून बदललेली नाही.

इथे असताना आपल्याला दोघींनाच असं बसायला मिळालंच नाही. सतत कुणीतरी येत होतं. म्हणून त्या दिवसाचं आता लिहिते. तुझ्या बाजूने तू पाहिलंस, माझ्या बाजूने मी.

सोमवारी संध्याकाळी मी दवाखान्यात होते. सुहा घरी टॅबसमोर. तू निघाली आहेस, हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. तिचा फोन आला. मी व्हरांड्यात जाऊन घेतला. ती म्हणाली, सगळ्यांच्या नावापुढे दिवे लागले, फुफीच्या पुढे काहीच नाही. अध्यक्षांनी पुन्हा एकदा नाव पुकारलं. मग हातोडा वाजला. एका मताने पडला. चार वर्षं तू ज्यासाठी उभी राहिलीस तो कायदा पडला तेव्हा तू समुद्रावर कुठेतरी विमानात होतीस. मी तिथल्या खुर्चीवर बसून राहिले. पत्राच्या शेवटी मी ते लिहिलं नसतं तर, असं मनात आलं. मग आत जाऊन अम्माचा श्वास ऐकला आणि ते मनातून गेलं.

मंगळवारी सकाळी तू आलीस. बॅग हातात, डोळे सुजलेले. इलियास पलंगाजवळ उभा होता. तो बाजूला झाला. अम्माने डोळे उघडले. मला वाटलं ती रडेल, तुझं तोंड कुरवाळेल. तिने मास्क खाली ओढला आणि विचारलं, “मत दिलंस?”

तू तिच्या कानाशी वाकलीस. “दिलं, अम्मा. झाला कायदा.”

“वरच्या घरात?”

“तिथेही होईल, इंशाल्ला.”

तिने तुझं मनगट धरलं ते दुपारपर्यंत सोडलं नाही. इलियास मात्र बाहेर निघून गेला.

त्यानंतरचे दिवस ती जगली ते त्याच एका गोष्टीवर. येणाऱ्या प्रत्येक नर्सला सांगायची, मेरी लड़की ने कानून बनाया. त्या बिचाऱ्या तुझं अभिनंदन करायच्या आणि तू थँक यू म्हणायचीस. मला तुझ्याकडे बघवायचं नाही. तुझा फोन सारखा थरथरत होता. तुझ्या पक्षाचे लोक होते ना? तू तो उलटा ठेवून अम्माचे केस विंचरत बसायचीस.

गाडीत इलियास मला म्हणाला, “काम उरकूनच आली ना शेवटी. अम्मा रविवारी गेली असती तर?”

माझ्या ओठांवर आलं होतं. पण अम्मा आहे तोवर कुणाला सांगायचं नाही, असं तू आल्या आल्या लिफ्टपाशीच माझ्याकडून कबूल करून घेतलं होतंस. दफन झाल्यावर मी विचारलं, आता सांगू? तू म्हणालीस, “राहू दे. अम्मा खरी बातमी ऐकून गेली, असं त्याला वाटतंय. त्याच्यापाशी तेवढं तरी असू दे.”

म्हणून मी गप्प आहे. पण विमानतळावर त्याने तुझी बॅग उतरवून दिली आणि तू खुदा हाफिज म्हणालीस, तेव्हा तो गाडीच्या चाकाकडे बघत होता. ते मला रोज आठवतं.

पोचल्यावर तुझ्या लोकांनी तुला काय म्हटलं ते तू सांगितलं नाहीस. मी विचारत नाही.

तुझी,
मेहरीन

*

जिदहफ्स
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय अजरा,

पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या निवडणुकीतच तू हरलीस ते कळलं. तुझ्याच पक्षातल्या बाईने तुझ्याविरुद्ध उभं राहावं आणि रिकाम्या खुर्चीचं चित्र छापून घरोघर वाटावं, हे सुहाने दाखवलं तेव्हा मी ते पत्रक दुसऱ्यांदा पाहिलं नाही. सुहाने तुझी सगळी प्रचाराची भाषणं ऐकली. ती म्हणते, फुफीने एकदाही सांगितलं नाही की तिची आई मरत होती. लोकांनी विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, मी त्या दिवशी हजर नव्हते, हे खरं आहे.

का नाही सांगितलंस? अम्माचं नाव मतं मागायला वापरायचं नव्हतं, असंच ना? मी तुला ओळखते. तरी वाईट वाटतं.

तुझी मुदत डिसेंबरपर्यंत आहे म्हणतेस. त्यानंतर इकडे ये. दोन महिने राहा. इथे जानेवारीत हवा छान असते. मी तुला काही काम करू देणार नाही. नुसती बसून माझ्याशी बोल. या वयात नव्या मैत्रिणी होत नाहीत. नर्सरीत बायका आहेत, चांगल्या आहेत, पण वाक्य अर्धं सोडलं तर पुढचं त्यांना कळत नाही.

तुझ्या भावाला सांगितलं. लोकांचा कल बदलतो, म्हणाला. मग शूज काढता काढता त्याने विचारलं, “आता काय करणार ती?”

दहा वर्षांत पहिल्यांदा त्याने तुझ्याबद्दल काही विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. खरंच मला माहीत नाही, अजरा.

तुझी,
मेहरीन

*

जिदहफ्स
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अजरा,

तू परत औषधांच्या दुकानात जायला लागलीस, आणि लोक काउंटरवर येऊन अजून तुला आपल्या तक्रारी सांगतात, हे वाचून बरं वाटलं. येण्याचं मात्र तू टाळलंस. कारण दिलं नाहीस. मला ठाऊक आहे.

इकडे जे घडलं ते आता सांगते.

जानेवारीत तुमचं नवं अधिवेशन सुरू झालं. सुहाने आणि मी सवयीने टॅब लावला. तुझ्या जागी ती दुसरी बाई. आम्ही दोघी बघत होतो आणि इलियास आत आला. त्याची शिफ्ट बदलली आहे, आता लवकर येतो, ते आमच्या ध्यानातच राहिलं नाही. सुहा बंद करायला गेली तर म्हणाला, असू दे. उभ्यानेच बघितलं. मग विचारलं, “कुठे बसायची ती?”

सुहाने बोट दाखवलं. तो त्या जागेकडे बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, जुनं असतं का यात? तिचं पहिलं भाषण लाव.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. पहिल्या वर्षापासून, ओळीने. तो कुठलं पुढे ढकलू देत नाही. रस्त्यांच्या दुरुस्तीवरची तुझी भाषणंही त्याने ऐकली. दाढीवाल्याने तुला अडवलं की खुर्चीत पुढे सरकतो. एकदा तू त्याला असं उत्तर दिलंस की अख्खं सभागृह हसलं, तेव्हा हाही हसला, आणि मग हसू कुणी पाहिलं का, म्हणून आमच्याकडे बघितलं. अम्माही हे बघायची, हे मी त्याला सांगितलं. म्हणाला, माहीत होतं. जिन्यात आवाज यायचा. तो गाडीत मुद्दाम थोडा बसून वर यायचा.

असं करत तो त्या मे महिन्यापर्यंत येणार, हे मला दिसत होतं. तुला विचारून सांगावं असं ठरवत होते, तोवर काल तो दिवस आलाच.

फलक दिसला. दिवे लागले. तो वरपासून नावं वाचत तुझ्या नावाशी आला. सुहाला म्हणाला, थांबव. तारीख विचारली. सुहाने सांगितली. मग म्हणाला, “मंगळवारी सकाळी आली होती ती. म्हणजे हे चालू होतं तेव्हा विमानात होती.”

मी हो म्हटलं.

“अम्माला माहीत होतं?”

“नाही.”

“बरं झालं,” म्हणाला, आणि चावी न घेता खाली गेला. रात्रीची इशाची अजान झाली तरी वर आला नाही. मी बाल्कनीतून पाहिलं. गाडीला टेकून उभा होता.

वर आल्यावर त्याने भात मागितला नाही, पाणी मागितलं नाही. कागद मागितला. मी तुला लिहायला आणून ठेवलेला हाच होता. म्हणाला, खाली जागा सोड.

म्हणून मी इथे थांबते.

मेहरीन

*

अजरा,

मला पत्र लिहायची सवय नाही. वर्कशॉपमध्ये सगळं फोनवर चालतं. हे लिहिताना मेहरीन समोर बसली आहे, तिला उठवून आत पाठवतो.

तो दिवस मी दोनदा पाहिला. अध्यक्ष तुझं नाव पुकारतो आणि सगळे वळून तुझ्या खुर्चीकडे बघतात. तुझ्या बाजूला बसणारी म्हातारी बाई दाराकडे बघते, तू येशील म्हणून. मला तिचं नाव माहीत नाही. तिला राग आला होता का तुझा? नंतर बोलली का तुझ्याशी?

अम्मासमोर तू जे बोललीस ते मी ऐकलं होतं. मला ते खरंच वाटलं होतं. तू तसं बोललीस ते बरं केलंस.

तू चांगलं बोलतेस. अब्बांसारखे हात मागे बांधतेस. मुनाफला मी काही सांगणार नाही, आणि त्याने तुझ्याबद्दल काही काढलं तर ऐकणारही नाही.

पुढे तुझं दीड वर्ष बाकी आहे. ते मी पाहिलेलं नाही. लोक तुझ्याशी कसे वागले ते त्यात असणार, आणि ते मला एकट्याने बघायचं नाही. सुहाला म्हटलंय, आता पुढे लावू नको. तू ये. तू शेजारी बसलीस की लावू.

इलियास